उधाणाला धावणं, भांगाला थांबणं

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. "हा तुझा खुबा. हा वरचा गोल भाग, ही खाली मांडी, आणि दोघांना जोडणारी ही मान. इथे ही काळी रेघ दिसते का?"

मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसली. पेन्सिलने ओढून अर्धवट सोडून दिल्यासारखी.

"फीमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर," ते म्हणाले. "म्हणजे खुब्याच्या हाडाच्या मानेला थकून गेलेली चीर."

बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "मोडलाय का साहेब?"

"मोडलेलं नाही. मोडायच्या वाटेवर आहे. आता थांबली तर आपोआप भरेल. थांबली नाही, तर चीर आरपार जाईल. मग ऑपरेशन करून स्क्रू घालावे लागतील. आणि या जागेचा रक्तपुरवठा फार नाजूक असतो. तो बिघडला तर कमी वयात सांधाच बदलायची वेळ येऊ शकते." त्यांनी कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाच्या तरी खुब्याचा फोटो उघडला. हाडात लांब स्क्रू रुतलेले होते. बाबांनी तो फोटो नीट पाहिला. मी पाहिला नाही.

"सर, मॅरेथॉनला सात आठवडे आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू इथपर्यंत कशी आलीस?"

"दांडीहून रिक्षाने. गेटपासून आत चालत."

"ते आता काही दिवसांचं शेवटचं चालणं. सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही." आणि त्यांनी व्हीलचेअर मागवली.

मी हे सगळं लिहिते आहे, कारण त्या दिवसांत मी फोनवर खूप शोधलं आणि माझ्यासारख्या कुणी मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही. मी काही मोठी धावपटू नाही. बोईसरजवळच्या दांडी गावात राहते, पालघरला कॉलेजात शिकते, आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. त्यामुळे माझं काही चुकत असेल तर सांभाळून घ्या. औषधोपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. माझं काय झालं, एवढंच मी सांगू शकते.

सुरुवात कॉलेजच्या एका छोट्या शर्यतीने झाली. नावं कमी पडली म्हणून सरांनी माझं नाव घातलं. मी शेवटून दुसरी आले. पण संपवली. त्या संध्याकाळी उमरोळी स्टेशन मागे गेलं, बोईसर आलं, मी उतरले, तरी छातीत काहीतरी हलकं हलकं वाटत होतं. घरी बोट आहे ती बाबांची, सुकवलेल्या मासळीचा धंदा आईचा. ही एक गोष्ट फक्त माझी असेल असं वाटलं. पुढच्या महिन्यात मी फुल मॅरेथॉनला नाव नोंदवलं. फुल म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. अर्धीला का नोंदवलं नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. अर्धवट काही करायचं नाही असं डोक्यात होतं.

फोनवर एक वेळापत्रक मिळालं. आठवड्याला एकूण इतके किलोमीटर, असं त्यात होतं. एका आठवड्यात राहिलं तर पुढच्यात भरून काढायचं, पण ते एकूण मी कधी चुकवलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच एका शब्दावर सगळं आलं.

धावायला आमच्याकडे जागा दोन. एक पाम गावाकडे जाणारा रस्ता. सकाळी तिथे कंपन्यांच्या बस आणि ट्रक, आणि मुलगी धावताना दिसली की वेग कमी करून बघणारे मोटरसायकलवाले. दुसरी जागा किनारा. किनाऱ्यावर वरची वाळू भुसभुशीत, पाय रुततो. खालची ओली वाळू मात्र फरशीसारखी टणक. ती ओहोटीलाच उघडी पडते.

आणि ओहोटी रोज सकाळी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पहाटे पाणी पार आत जातं आणि खाडीपर्यंत नुसती ओली वाळू. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा आमच्याकडे सकाळी पाणी वर असतं, आणि दुपारी ओहोटी आली तरी पाणी फार मागे जात नाही. बाबांचं डोलीचं, म्हणजे पिशवीसारखं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ जोरात, तेव्हा ते झोप सोडून काम करतात. भांगाला ओढ नसते, तेव्हा बोट किनाऱ्याला आणि बाबा जाळी शिवत बसलेले. लहानपणापासून मी काम म्हणजे असंच बघितलं. जेव्हा असतं तेव्हा तुटून पडायचं, नसतं तेव्हा बसायचं.

मीही तसंच धावले. भांगाचे दिवस रिकामे गेले की राहिलेले किलोमीटर उधाणात भरून काढायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शेजारच्या हिराकाकू मासळी पसरता पसरता ओरडायच्या, "अगो, कुनी मागं लागलाय काय? का पुढं कुनी हाय?" सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचे आणि पुढे जायचे.

दुखायला लागलं ते पावसाळा संपल्यावर. आधी धावण्याच्या शेवटी, मग सुरुवातीपासून, मग जिना चढताना. दुखायचं जांघेत, अगदी आत. आणि इथे मी ती गोष्ट केली जी तुम्ही करू नका. मी जांघ हा शब्द उच्चारला नाही. आईला सांगितलं कंबर. कॉलेजात सांगितलं पाय मुरगळला. पहिल्या दवाखान्यात सांगितलं गुडघा. त्या डॉक्टरांनी मी सांगितलं तो गुडघा तपासला, त्याचा एक्स-रे काढला, गुडघा उत्तम निघाला. चोळायला मलम मिळालं. ते मी इमानदारीने गुडघ्याला चोळलं.

बोईसरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो तेव्हा मी लंगडत होते. त्यांनी कुठे दुखतं विचारल्यावर मी परत "गुडघ्याच्या वर" म्हणाले. ते म्हणाले, "बोट ठेवून दाखव." मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीकडे बघू लागले आणि एकदम म्हणाले, "मी रिक्षावाल्याला सांगून येतो, थांब म्हणून." रिक्षा आम्ही केव्हाच सोडली होती.

ते बाहेर गेले आणि मी बोट ठेवलं. डॉक्टरांनी मला पाठीवर झोपवलं, पाय गुडघ्यात दुमडून हळूच आत वळवला. मी ओरडले. खुब्याचा एक्स-रे साफ आला. "अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही," म्हणून त्यांनी एमआरआय सांगितला. एमआरआय म्हणजे लोहचुंबकाच्या जोरावर शरीराच्या आतलं चित्र काढतात ते यंत्र. दुखत नाही, पण आवाज फार. बोगद्यासारख्या जागेत झोपायचं. तिथला टेक्निशियन दर थोड्या वेळाने माईकवरून सांगत होता, "बेटा, बिलकुल हिलना नहीं. बस हो गया." बस हो गया असं तो खूप वेळा म्हणाला. वेटिंग रूममध्ये बाबा एका बिहारी कामगाराशेजारी बसले होते. त्याच्या भावाचा हात मशीनमध्ये आला होता. मी बाहेर आले तेव्हा दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांनाही समजत होतं.

आता त्या फिल्मच्या दिवसाकडे परत येते. व्हीलचेअर आली, मी बसले, आणि डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्याला किती धावायचीस?"

मी एकूण आकडा सांगितला.

"हे काही फार नाही. म्हणजे रोज साधारण पाच-सहा?"

"साधारण," मी म्हणाले.

"साधारण म्हणजे? मागच्या आठवड्यात सोमवारी किती?"

"सोमवारी नाही. भांग होता."

डॉक्टर घाटावरचे. त्यांना भांग म्हणजे डोक्यातला भांगच माहीत असावा. मग बाबा बोलू लागले, इतका वेळ मागे उभे असलेले बाबा. पाण्याची ओढ, अष्टमी, पुनव, जाळं कधी टाकतात, कधी काढतात, सगळं हातांनी दाखवत. डॉक्टरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे पंधरा दिवसांचं धावणं ही चार-पाच दिवसांत उरकते."

"आमी पण तसाच काम करतो, साहेब," बाबा म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता.

"तुमच्या जाळ्याला चालत असेल. हाडाला नाही चालत. धावलं की हाडाला बारीक बारीक इजा होते. रात्री, दुसऱ्या दिवशी ते स्वतःला दुरुस्त करतं आणि आधीपेक्षा मजबूत होतं. रोज थोडं, मध्ये विश्रांती, असं झालं तर. हिने हाडाला आठ दिवस काही सांगितलंच नाही, आणि मग दिवसातून दोनदा झोडपलं. दुरुस्तीला वेळ कधी मिळणार?"

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे भांगाला पण थोडं पलाया पायजे होता."

"बरोबर. आणि उधाणाला थोडं कमी."

एवढंच निदान होतं. पण ते समजायला मला सहा आठवडे लागले.

घरात इंग्रजी रिपोर्ट वाचणारी मीच. त्यामुळे माझ्या पायात काय झालंय हे आईला मलाच समजावून सांगावं लागलं. मी म्हणाले, केसाएवढी चीर आहे. स्क्रूचं काही बोलले नाही. आई म्हणाली, "केसाएवढी हाय तर सहा आठवडे कशाला?" मी म्हणाले, डॉक्टर जास्तच काळजी घेतात. बाबा जाळं घेऊन ओट्यावर गेले.

कुबड्या घेऊन घरी आले आणि पहिल्याच पावलाला अंगणातल्या वाळूत दोन्ही रुतल्या. मी पुढे, कुबड्या मागे. हिराकाकूंनी काखेत धरलं म्हणून वाचले. "घे! पलाया गेली नं काठ्या घेऊन आली," त्या म्हणाल्या, पण मला ओट्यापर्यंत धरून नेलं. संध्याकाळी बाबांनी जाळ्याचे जुने बोये कापले, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे ते गोळे, आणि कुबड्यांच्या टोकांना ताटलीसारखे बसवले. मग त्या वाळूवर छान टेकायला लागल्या.

पालघरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी, म्हणजे व्यायामाने उपचार करणाऱ्या मॅडमनी, त्या बघितल्या आणि आधी हसल्या. मग टोक दाबून, वाकवून नीट तपासलं. "अंगणात चालेल. इथल्या फरशीवर मात्र काढायचं, घसरशील," असं सांगून त्यांनी मला काढ-घाल करायला शिकवलं. त्यांनीच मला तो प्रश्न विचारला जो आधी कुणी विचारला नव्हता. पाळी नियमित आहे का?

नव्हती. चार महिन्यांपासून आली नव्हती. मला वाटलं होतं धावण्याने असं होतं, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "शरीराला खाणं कमी पडलं की ते आधी पाळी बंद करतं. मग हाडांचं नुकसान सुरू होतं." रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी कमी निघालं. आयुष्यभर उन्हात राहणाऱ्या घरातली मी, मला ते पटेना. मॅडम म्हणाल्या, अंगभर कपडे घालून पहाटे-संध्याकाळी धावणाऱ्या मुलींत त्या हे बऱ्याचदा बघतात. औषध सुरू झालं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जाऊन आले. मुलींनो, हे लपवू नका. तुम्ही कुठे धावता याच्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

पहिले आठवडे दिवस फार मोठे गेले. आमच्या घरात कुणी दिवसा बसत नाही. आई पहाटे बाजारात, आल्यावर वलांडीवर बोंबील टांगणं. वलांडी म्हणजे मासळी सुकवायचे बांबूचे आडवे मांडव. मला शौचालयासाठी मध्ये भोक पाडलेली खुर्ची होती, तीही दुसऱ्या कुणीतरी उचलून आत ठेवायची. मला रोज लाज वाटायची. एके दिवशी आईने खुर्ची वलांडीजवळ टाकली, हातात लांब काठी दिली आणि म्हणाली, "बस हितं. कावल्यांना हाकल. नुसती बसून काय करतेस?" मला इतकं बरं वाटलं. कावळे मला घाबरत नव्हते ते सोडा.

चौथ्या आठवड्यात दुखणं थांबलं.

हे फार धोक्याचे दिवस असतात, म्हणून सविस्तर सांगते. कूस बदलताना दुखेना. पाय लोंबकळताना दुखेना. आणि पौर्णिमा आली. पहाटे जाग आली तेव्हा लाटांचा आवाज खूप लांबून येत होता, म्हणजे पाणी आत गेलं होतं. मॅरेथॉन तीन आठवड्यांवर होती. मी मनात हिशेब मांडला. आज थोडं चाललं, उद्या थोडं, आणि शर्यत धावायची नाही, नुसती चालत पूर्ण करायची. कुबड्या घेऊन दारापर्यंत आले. त्या भिंतीला टेकवल्या. चौकट धरली आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीला लावला. काही दुखलं नाही. मग चवडा.

"काय करतेस गो?"

बाबा ओट्यावर चहा घेत बसले होते. बोटीवर निघायचे होते.

"काय नाय."

"मग काठ्या घे."

मी हलले नाही. "बाबा, दुखत नाही आता. खरंच नाही दुखत."

ते उठले, दोन्ही कुबड्या आणल्या आणि माझ्या काखेत एकेक दिली, लहान मुलाला शर्ट घालतात तशी. मग हळू आवाजात म्हणाले, "आईला तू सांगितला नायस, मी पण सांगितला नाय. पन तो फोटू माझ्या डोल्यासमोरनं जात नाय. ते खिले. जाल्याला भोक पडला तर मी शिवतो. तुझ्या पायात खिले ठोकले तर मी काय करू?"

त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. मी पाय वर घेतला.

त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून झालेलं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "दुखणं थांबलं म्हणजे हाड भरायला लागलंय. भरलंय असं नाही. उरलेले दिवस मला दे." मग मी आईलाही खरं काय ते सांगितलं, स्क्रूसकट. तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर तिने दाराजवळची माझी चप्पल उचलून माळ्यावर ठेवली.

मॅरेथॉनच्या दिवशी मी वलांडीखाली बसले होते. मैत्रिणी फोटो पाठवत होत्या. थोडी रडले. हिराकाकू येऊन शेजारी बसल्या आणि मांदेली निवडता निवडता म्हणाल्या, "किती लांब असतं गो ते?" मी सांगितलं, इथून पालघरला जायचं आणि परत यायचं, साधारण तेवढं. त्या म्हणाल्या, "आनि तिकडं काय मिळतं?" मी म्हणाले, मेडल. काकूंनी हातातली मांदेली टोपलीत टाकली. "मंग एकदा जाऊनच ये तू. पन पाय बरा कर आधी." चिडवणाऱ्या त्या बाईने असं म्हणावं याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या एमआरआयमध्ये रेघ पुसट झाली होती. डॉक्टरांनी आधी जुनी फिल्म लावली, शेजारी नवी, आणि बाबांना म्हणाले, "तुम्ही सांगा कुठली बरी." बाबांनी बरोबर दाखवली. स्क्रू लागले नाहीत. मग नुसता पाय टेकवणं, मग थोडं वजन, मग एकच कुबडी, मग चालणं. कुबड्यांचे बोये बाबांनी काढून घेतले, ते आता परत जाळ्यात आहेत. पाळी परत सुरू झाली. खाणं वाढवलं. धावण्याचं वेळापत्रक मॅडमनी करून दिलं, त्यात एकूण असा आकडाच नाही. रोजचं रोज आहे. भांगाच्या सकाळीही मी शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारते. सुरुवातीला लोक बघायचे, आता बघत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी आत्ता कुबड्यांवर असेल, किंवा कुणाला जांघेत दुखत असेल आणि सांगायला लाज वाटत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिलं. जागा बोटाने दाखवा. बोट ठेवता येत नसेल तर सोबतच्या माणसाला बाहेर पाठवा. बाहेर जाणारी माणसं भेटतात. मला भेटली.

परवा उधाण होतं. नऊ महिन्यांनी मी पहिल्यांदा ओल्या वाळूवर उतरले. मॅडमनी सांगितलं होतं, पंधरा मिनिटं, संथ, मग थांबायचं. सूर्य यायचा होता. वाळूत पाणी चमकत होतं आणि माझ्यापुढे खाडीपर्यंत कुणी नव्हतं. पंधरा मिनिटं झाली तेव्हा मला दम लागलेला नव्हता. पाय हलके होते. अजून कितीतरी धावता आलं असतं, आणि अंगाला तेच हवं होतं.

मी थांबले.

परत चालत येताना बाबा भेटले, बोटीकडे निघालेले.

"झाला?"

"झालं."

त्यांनी माझ्या मागे पसरलेल्या वाळूकडे बघितलं. "एवढा किनारा मोकला हाय आनि एवढाच?"

"आजचा एवढाच, बाबा."

ते हसले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि पाण्याकडे गेले. त्यांना उधाण गाठायचं होतं. मला उद्याही यायचं होतं.